क्लिनिकल रिसर्चमधील पीएच.डी. पूर्ण करण्यासाठी नेमके काय काय लागते?

पूर्वभाग

नमस्कार. मी सोलापुरातील एका खासगी रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून काम करते. माझे शिक्षण एम.फार्म.पर्यंत झाले आहे. औषध कंपन्यांच्या चाचण्यांतील संमतीपत्रे, फॉलोअपच्या तारखा, रुग्णांच्या नोंदी आणि मॉनिटरच्या भेटी हे माझे रोजचे काम आहे. मात्र त्या चाचण्यांतील प्रश्न नेहमी दुसऱ्या कोणीतरी ठरवलेला असतो. आमच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या अनेक महिलांना मधुमेह आहे आणि त्यांची औषधे मध्येच सुटतात. दर आठवड्याला फोन करून त्यांच्याच भाषेत समुपदेशन केले तर औषधे घेण्यात सातत्य येते का, हा प्रश्न मला स्वतःला पडलेला आहे आणि त्यावर पीएच.डी. करावी असे मनात आहे.

अडचण अशी की, ही पदवी पूर्ण करायला काय लागते याचे उत्तर प्रत्येकाकडून वेगळे मिळते. कोणी म्हणते तीन वर्षे पुरतात, कोणी म्हणते सहाही अपुरी पडतात. कोणी सांगते की दोन शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध स्वीकारतच नाहीत. मला नोकरी सोडणे शक्य नाही. प्रवेशापासून व्हायवापर्यंतचा, म्हणजे शेवटच्या मौखिक परीक्षेपर्यंतचा, खरा क्रम कसा असतो आणि त्यात वेळ नेमका कोठे जातो, हे अनुभवी मंडळींनी सांगावे ही विनंती.

भुईकोट

ताई, आधी विद्यापीठाच्या बाजूचे सांगतो, कारण ते छापील आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे पीएच.डी. नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झाले. पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण हवेत आणि राखीव प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व दिव्यांग उमेदवारांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. नेट, गेट यांसारखी राष्ट्रीय पातळीवरील परीक्षा उत्तीर्ण असाल तर मुलाखतीवर प्रवेश मिळू शकतो, अन्यथा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेचा निम्मा भाग संशोधन पद्धतीवर आणि निम्मा विषयावर असतो आणि निवडीत लेखी परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असतो.

प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क असते, ज्यात संशोधन पद्धती आणि संशोधन व प्रकाशन नैतिकता हे दोन्ही अभ्यासक्रम आलेच पाहिजेत. कोर्सवर्कमध्ये ५५ टक्के गुण मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यानंतर दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगतीचे सादरीकरण, शेवटी प्रबंधपूर्व सादरीकरण, प्रबंध, बाहेरील किमान दोन परीक्षकांचे अहवाल आणि खुली मौखिक परीक्षा असा क्रम आहे. प्रबंध दाखल झाल्यापासून व्हायवाच्या निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया विद्यापीठाने ६ महिन्यांत संपवावी, असेही नियमात लिहिलेले आहे.

मुदतीबद्दल : कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षे आणि प्रवेशाच्या तारखेपासून कमाल ६ वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत. शिवाय महिलांना संपूर्ण कालावधीत मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते.

नवीपेठ

भुईकोट सरांनी शोधनिबंधांचा मुद्दा वगळला. माझ्या माहितीप्रमाणे प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध आणि परिषदेत दोन सादरीकरणे सक्तीची आहेत. मला तसे लेखी कळवले होते.

भुईकोट

आपली नोंदणी २०१६ च्या नियमांखाली झालेली असणार. त्या नियमांत ही सक्ती होती. २०२२ च्या नियमांत आयोगाने ती काढून टाकली. जुन्या नियमांखाली नोंदणी झालेल्यांना जुनेच नियम लागू राहतात, म्हणून दोन विद्यार्थी दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. मात्र आयोगाने सक्ती काढली तरी विद्यापीठ स्वतःच्या अध्यादेशात ती ठेवू शकते. त्यामुळे ज्या वर्षी नोंदणी होईल त्या वर्षीचा अध्यादेश मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.

नवीपेठ

हे स्पष्टीकरण पटले. तरीही ताईंना माझा आग्रह आहे की सक्ती नसली तरी एक निबंध चांगल्या नियतकालिकाकडे पाठवावा. परीक्षकांपेक्षा परखड शेरे समीक्षकांकडून मिळतात आणि प्रबंध त्यामुळे सुधारतो. पैसे घेऊन आठवड्याभरात छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून मात्र दूर राहावे. आयोगाने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केली आहे. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांच्यावरच येऊन पडली आहे.

होटगीरस्ता

मी एका एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरील संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीची, सदस्य आहे. वरचे सगळे नियम इतिहासाच्या किंवा भाषेच्या विद्यार्थ्यालाही लागू आहेत. क्लिनिकल रिसर्चमध्ये त्यांच्यासोबत दुसरी एक वाट चालावी लागते, आणि बहुतेकांचा वेळ तिथेच जातो. विद्यापीठाने विषय मंजूर केला म्हणजे काम सुरू करता येते असा समज फार पसरलेला आहे. माणसांवरच्या संशोधनात एथिक्स कमिटीच्या लेखी मंजुरीपूर्वी एकाही सहभागीची नोंद करता येत नाही. मंजुरी नंतर मागून घेऊ, असे इथे चालत नाही. मागील तारखेने मंजुरी देण्याचा अधिकार कोणत्याच समितीला नाही.

समिती कोणती हेही पाहावे. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांनुसार औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देणारी समिती केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदलेली असावी लागते, तर जैववैद्यकीय व आरोग्य संशोधन पाहणाऱ्या समितीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे असावी लागते. समितीत किमान ७ सदस्य हवेत, निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे हवेत आणि अध्यक्षही बाहेरचाच हवा. ताईंचा अभ्यास फोनवरील समुपदेशनाचा आहे, म्हणून दुसऱ्या प्रकारची नोंदणी असलेली समिती लागेल. आपल्या रुग्णालयातील समितीकडे कोणती नोंदणी आहे आणि ती मुदतीत आहे का, हे विद्यापीठात अर्ज करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

सातरस्ता

औषध द्यायचे नाही, रक्त काढायचे तेही नेहमीच्या तपासणीचेच, आणि फक्त फोन करायचे. अशा अभ्यासाला सीटीआरआय नोंदणी लागणार नाही असे मला वाटते. ती औषधांच्या चाचण्यांसाठी आहे ना?

होटगीरस्ता

लागेल. सीटीआरआय, म्हणजे भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवही, जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि तिची व्याख्या सुरुवातीपासून व्यापक आहे. सहभागींना आधीच गटांत विभागून एखादा हस्तक्षेप करायचा असेल, मग तो औषध असो, शस्त्रक्रिया असो, व्यायाम असो की समुपदेशन, तर तो अभ्यास तिथे नोंदवणे अपेक्षित आहे. नोंदणीला शुल्क नाही. एप्रिल २०१८ पासून तिथे केवळ पहिल्या सहभागीच्या नोंदीपूर्वी आलेले अर्जच स्वीकारले जातात. म्हणजे चार सहभागी घेऊन झाल्यावर आठवण झाली, तर तो दरवाजा बंद झालेला असतो, आणि नोंदणी क्रमांक नसलेला हस्तक्षेपाचा अभ्यास चांगली वैद्यकीय नियतकालिके छापत नाहीत. सीटीआरआय नोंदणीसाठी एथिक्स कमिटीचे मंजुरीपत्र जोडावे लागते. क्रम आपोआप असा ठरतो : प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), सल्लागार समिती, एथिक्स कमिटी, सीटीआरआय आणि त्यानंतरच पहिला सहभागी.

वैद्यअक्कलकोट

याला जोडून सांगतो की आयुर्वेदातील अभ्यासांनाही हाच क्रम आहे. सीटीआरआयमध्ये आयुष पद्धतींच्या चाचण्या नोंदवता येतात आणि पदव्युत्तर व पीएच.डी.च्या प्रबंधांसाठीची कामेही नोंदवली जातात. आमच्याकडे अनेकांना वाटते की शेकडो वर्षे वापरात असलेल्या काढ्याला मंजुरी कशाला. काढा जुना असेल, पण रुग्णाला ठरावीक गटात घालून त्याच्यावर निरीक्षण करणे ही नवी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी त्याची संमती घ्यावीच लागते.

सातरस्ता

धन्यवाद, होटगीरस्ता मॅडम. आणखी एक विचारतो. जुन्या केसपेपरवरून माहिती काढून अभ्यास केला तर मंजुरी टळते का? आमच्या ओळखीचे एक जण त्याच विचारात आहेत.

होटगीरस्ता

टळत नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत पुनरावलोकनाचे तीन प्रकार आहेत : सूट, त्वरित पुनरावलोकन आणि पूर्ण समितीचे पुनरावलोकन. ओळख काढून टाकलेल्या जुन्या नोंदींचा अभ्यास पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारात बसू शकतो आणि समिती संमतीची अटही शिथिल करू शकते. पण तो कोणत्या प्रकारात बसतो हे समिती ठरवते, संशोधक नाही. अर्ज करावाच लागतो.

आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो आणि वैद्यकीय प्रबंधांची गणिते पाहतो. ताईंचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. अशा प्रबंधाचे भवितव्य बहुधा नमुन्याच्या आकारावर ठरते, आणि तो आकार विद्यार्थी सर्वांत शेवटी ठरवतात.

समजा, सध्या ५० टक्के महिला औषधे नियमित घेतात असे धरले आणि समुपदेशनाने हे प्रमाण ६५ टक्क्यांवर जावे अशी अपेक्षा ठेवली. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. खरे आकडे आधीच्या अभ्यासांतून किंवा छोट्या प्राथमिक पाहणीतून घ्यावे लागतील. ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक आहे असे वाटण्याची शक्यता) आणि ८० टक्के क्षमता (खरा फरक सापडण्याची शक्यता) धरली तर नेहमीच्या सूत्राने प्रत्येक गटात १६७, म्हणजे दोन्ही गटांत मिळून ३३४ महिला लागतात. येथवर बहुतेक जण येतात आणि थांबतात.

पुढची अडचण सोलापूरची आहे. विडी वळणाऱ्या महिला पाने आणि तंबाखू घरी नेतात आणि वळलेल्या विड्या एकाच केंद्रावर आणून देतात. एकीला फोनवर मिळालेला सल्ला दुसऱ्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या तिच्या शेजारणीला कळणारच. मग फोन न आलेल्या गटालाही फोनचा फायदा मिळतो आणि दोन गटांतील फरक पुसट होतो. हे टाळायचे तर चिठ्ठी महिलांची न काढता केंद्रांची काढावी लागेल : काही केंद्रांतील सर्व सहभागींना फोन आणि काही केंद्रांत नेहमीचेच उपचार. मात्र एका केंद्रातील महिलांची राहणी, उत्पन्न आणि दवाखाना सारखाच असल्याने त्यांची उत्तरेही एकमेकींसारखी येतात. त्यासाठी नमुना वाढवावा लागतो. वाढीचा गुणक म्हणजे १ अधिक, केंद्रातील महिलांच्या संख्येतून १ वजा करून येणारी संख्या गुणिले साम्याचा सहसंबंध. एका केंद्रातून २१ महिला आणि सहसंबंध ०.०५ धरला तर गुणक २ येतो. ३३४ चे ६६८ झाले.

यापुढे गळती. पाचपैकी एक सहभागी मध्येच सुटेल असे धरले तर ६६८ मध्ये २० टक्के मिळवायचे नसतात, ६६८ ला ०.८ ने भागायचे असते. उत्तर ८३५ येते. २० टक्के मिळवले असते तर ८०२ आले असते, आणि सुरुवातीलाच तेहतीस महिला कमी घेतल्या गेल्या असत्या. केंद्रे कमी आणि प्रत्येक केंद्रातील महिला जास्त, असा आराखडाही महाग पडतो. केंद्रे जास्त आणि प्रत्येकातून थोड्या महिला घेणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने बरे.

नवीपेठ

आकडेमोड सर, हिशेब निर्दोष आहे, परंतु ८३५ महिलांना दर आठवड्याला फोन करणारी एकटी व्यक्ती, तीही नोकरी सांभाळून, हे मला शक्य कोटीतील वाटत नाही. पीएच.डी. म्हणजे जग बदलणारी चाचणी असलीच पाहिजे असे नाही. किती महिलांची औषधे सुटतात, केव्हा सुटतात आणि का सुटतात, एवढाच निरीक्षणात्मक अभ्यास नीट केला तरी तो पुरेसा प्रबंध होतो. त्याला लागणारा नमुनाही लहान असतो.

आकडेमोड

फोन निम्म्याच महिलांना करायचे आहेत, म्हणजे सुमारे ४१८. तरीही आपला आक्षेप रास्त आहे. मी ताईंना तीन पर्याय सुचवतो. पहिला, फोन आठवड्याऐवजी पंधरवड्याने करणे. दुसरा, फलित बदलणे : औषधे घेतली की नाही या हो-नाहीच्या उत्तराऐवजी एचबीए१सीमधील (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवणाऱ्या तपासणीतील) सरासरी बदल मोजला, तर साधारणपणे कमी नमुन्यात काम होते, कारण मोजमापात माहिती जास्त असते. तिसरा पर्याय आपण सांगितलेला निरीक्षणात्मक अभ्यास, आणि त्याच्या निष्कर्षांवर आधारलेली छोटी प्राथमिक चाचणी. माझ्या मते तिसरा पर्याय एका माणसाच्या आवाक्यातला आहे आणि शास्त्रीयदृष्ट्याही सरळ आहे, कारण ५० टक्के हा माझा आकडा गृहीत धरलेला आहे. खरा आकडा या शहरात कोणीतरी मोजायला हवा.

परदेशस्थ_सोलापूरकर

मी अमेरिकेत याच क्षेत्रात काम करतो. तुलनेसाठी सांगतो. इथे बहुतेक ठिकाणी जैवसंख्याशास्त्र, रोगपरिस्थितिविज्ञान आणि चाचण्यांच्या आराखड्याचे बरेच वर्ग आधी करावे लागतात, मग पात्रता परीक्षा, मग प्रस्तावाचे समितीसमोर समर्थन, आणि त्यानंतर प्रबंध. अनेक विभागांत एकाच विषयावरील तीन स्वतंत्र शोधनिबंध मिळून प्रबंध मानला जातो. त्यामुळे आकडेमोड सरांचा तिसरा पर्याय मला परिचयाचा वाटला : पहिला निबंध प्रमाण आणि कारणांवर, दुसरा प्रश्नावलीच्या तपासणीवर, तिसरा प्राथमिक चाचणीवर. इंग्लंडमध्ये वर्गांवर भर कमी आणि व्हायवावर जास्त असतो. नैतिक मंजुरी मात्र दोन्हीकडे आधीच लागते. अमेरिकेत त्या समितीला किमान ५ सदस्य चालतात, भारतात ७ लागतात, म्हणजे आपला नियम या बाबतीत अधिक कडक आहे.

प्रश्नावलीबद्दल एक सूचना. औषधांचे सातत्य मोजणाऱ्या काही प्रसिद्ध प्रश्नावल्यांवर स्वामित्वहक्क आहे आणि परवान्याशिवाय त्या वापरता येत नाहीत. निवड करण्यापूर्वी हे तपासावे.

पूर्वभाग

सर्वांचे मनापासून आभार. आकडेमोड सरांचा हिशेब मी वहीत उतरवून घेतला आहे. तिसऱ्या पर्यायाकडे माझा कल होत आहे. भाषेबद्दल विचारायचे आहे. माझ्या भागातील बहुतेक महिला घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड आणि काही उर्दू. मराठी त्यांना समजते. संमतीपत्र मराठीत ठेवले तर पुरेल का?

सातरस्ता

पुरायला हवे. शिक्षण मराठीत झालेल्या कित्येक जणींना तेलुगू लिपी वाचताही येत नाही.

होटगीरस्ता

सातरस्ता सरांचे म्हणणे निम्मे खरे आहे आणि म्हणूनच त्यावर थांबून विचार करायला हवा. संमतीपत्र सहभागीला समजेल अशा भाषेत हवे, हा मूळ नियम आहे. बाजारात समजणारी मराठी आणि 'आपण कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, या अभ्यासातून बाहेर पडू शकता आणि त्याने आपल्या उपचारांवर परिणाम होणार नाही' हे वाक्य समजणारी मराठी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या समितीसमोर असा प्रस्ताव आला तर आम्ही मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही भाषांतील पत्रके मागू. प्रत्येक भाषांतर दुसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत परत आणून ताडून पाहिलेले असावे. ज्या महिलेला वाचता येत नाही तिला तिच्या बोलीत वाचून दाखवायचे, संपूर्ण वेळ एक निःपक्षपाती साक्षीदार हजर ठेवायचा, तिचा अंगठा आणि साक्षीदाराची सही घ्यायची, आणि पत्रकाची प्रत तिच्या हाती द्यायची. साक्षीदार संशोधकांच्या चमूतील नसावा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागा. संमती विडी केंद्रावर, मुकादमाच्या किंवा मालकाच्या माणसासमोर घेऊ नये. ज्याच्या हातात रोजची मजुरी आहे त्याच्यासमोर कोणतीही बाई 'नाही' म्हणणार नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि दुसऱ्याच्या अधिकाराखाली काम करणारे लोक मार्गदर्शक तत्त्वांत असुरक्षित गटांमध्ये येतात ते याच कारणाने. केंद्रमालकाची परवानगी प्रवेशासाठी घ्यावी लागेल, पण ती कोणाही महिलेच्या संमतीची जागा घेत नाही. पतीच्या होकाराचेही तसेच. घरी चर्चा करायला वेळ द्यावा, निर्णय मात्र तिचा. सहभागी महिलांना प्रवासखर्च आणि बुडालेल्या वेळेची भरपाई देता येते. ती किती असावी हे समितीला आधी कळवावे, कारण रक्कम इतकी मोठी नसावी की तिच्याच ओढीने कोणी होकार द्यावा.

वैद्यअक्कलकोट

फॉलोअपच्या तारखांवर एक शब्द. दिनदर्शिका समोर ठेवून तारखा आखाव्यात. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, आषाढीला पंढरपूरची वारी, आणि तालुक्यांतील सहभागी असतील तर साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडीला गेलेली कुटुंबे. या काळात बोलावलेले लोक येत नाहीत, आणि ती गळती संशोधकाच्या आखणीमुळे झालेली असते. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारची वेळ देऊ नये. भेटीसाठी एकच तारीख न देता आधी-नंतर काही दिवसांची मोकळीक प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवावी. ती लिहिलेली नसेल तर उशिरा आलेली प्रत्येक भेट नियमभंग म्हणून नोंदवावी लागते.

नवीपेठ

मार्गदर्शकाचा विषय अजून आलेला नाही, आणि माझ्या मते निम्मे प्रश्न तिथेच सुटतात किंवा अडतात.

भुईकोट

खरे आहे. नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. क्लिनिकल रिसर्चसाठी योग्य मार्गदर्शक जिल्ह्यात मोजकेच असल्याने जागा लवकर भरतात. म्हणून प्रवेश परीक्षेच्या तयारीबरोबरच मार्गदर्शकांशी बोलणे सुरू करावे.

कोणत्या विद्यापीठात, हाही प्रश्न आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले आणि औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी सहसा त्याचा विचार करतात. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, परिचर्या अशा महाविद्यालयांचा संबंध मात्र नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी येतो. ताईंचे शिक्षण औषधनिर्माणशास्त्रातील आणि रुग्ण मधुमेहाचे, म्हणजे दोन्हीकडील माणूस लागेल. नियमांत सहमार्गदर्शकाची सोय आहे, तिचा उपयोग करावा : मुख्य मार्गदर्शक औषधनिर्माणशास्त्राचा आणि सहमार्गदर्शक मधुमेहाचे रुग्ण पाहणारा वैद्यकीय प्राध्यापक. फोनवर एखादी महिला चक्कर येते, घाम सुटतो असे सांगेल, तेव्हा साखर उतरल्याची शंका घेऊन पुढचा निर्णय घेणारा डॉक्टर प्रोटोकॉलमध्ये नावानिशी असावा लागतो. एथिक्स कमिटी तो विचारणारच.

होटगीरस्ता

विचारतोच. आणि समुपदेशन करणाऱ्या व्यक्तीने काय बोलावे आणि काय बोलू नये, याचा लेखी मसुदाही मागतो. औषधाची मात्रा बदलण्याचा सल्ला फोनवर कोणी देऊ नये.

पूर्वभाग

आता मूळ प्रश्नाकडे येते. आपण सर्वांनी सांगितले त्यावरून मी असे समजते : पहिल्या वर्षात कोर्सवर्क, आणि त्याच वर्षात प्रोटोकॉल, चार भाषांतील पत्रके आणि नमुन्याचा हिशेब तयार ठेवणे. सल्लागार समितीने विषय मान्य करताच एथिक्स कमिटीकडे अर्ज. दुसऱ्या वर्षी निरीक्षणात्मक भाग. त्याच्या निष्कर्षांवरून प्राथमिक चाचणीचा आराखडा, पुन्हा समितीची मंजुरी, सीटीआरआय नोंदणी आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती चाचणी. पाचव्या वर्षी विश्लेषण, लेखन आणि साम्य तपासणी. म्हणजे तीन वर्षांत होणार नाही, पण सहा वर्षांच्या आत होईल. यात काही राहिले का?

परदेशस्थ_सोलापूरकर

विश्लेषणाची योजना पाचव्या वर्षी करू नका, पहिली नोंद घेण्यापूर्वीच लिहून ठेवा. माहिती हाती आल्यावर फलित बदलण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि सीटीआरआयवरील नोंद सर्वांना दिसत असते. प्राथमिक चाचणी कितीही लहान असली तरी तिचा अहवाल कन्सॉर्टच्या निकषांप्रमाणे आणि निरीक्षणात्मक भागाचा अहवाल स्ट्रोबच्या निकषांप्रमाणे लिहा; अहवालात काय काय असावे याच्या या आंतरराष्ट्रीय याद्या आहेत.

भुईकोट

साम्य तपासणीबद्दल : आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही, १० ते ४० टक्के असल्यास प्रबंध दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर करावा लागतो, ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष सादर करता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. पद्धतीचे प्रकरण आपल्याच प्रोटोकॉलमधून जसेच्या तसे उचलले जाते आणि तिथे साम्य वाढते, म्हणून ते नव्याने लिहावे. पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची प्रत शोधगंगेसाठी, म्हणजे प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन संग्रहासाठी, तो चालवणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राकडे द्यावी लागते.

नोकरीबद्दलही सांगतो. अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, परंतु नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्यात अभ्यासाची परवानगी दिली आहे, अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळे केले जाईल, या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात. नुसते 'हरकत नाही' एवढ्यावर अर्ज परत येऊ शकतो.

होटगीरस्ता

ताईंच्या क्रमात एक गोष्ट राहिली आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी एकदा मिळाली की काम संपत नाही. दरवर्षी प्रगती अहवाल द्यावा लागतो, प्रोटोकॉलमधील प्रत्येक बदलासाठी, अगदी फोन आठवड्याऐवजी पंधरवड्याने करायचे ठरले तरी, आधी परवानगी घ्यावी लागते, आणि शेवटी समाप्ती अहवाल सादर करावा लागतो. आपल्या रुग्णालयातील समिती जर आपल्याच वरिष्ठांची असेल, तर मार्गदर्शक किंवा सहमार्गदर्शक सदस्य असल्यास त्यांनी त्या प्रस्तावाच्या चर्चेतून बाहेर राहावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. ती प्रत आपल्याकडेही ठेवा.

पूर्वभाग

ही नोंद फार उपयोगी आहे, मॅडम. आमच्या समितीचे सचिव आणि मी ज्यांना सहमार्गदर्शक होण्याची विनंती करणार आहे ते डॉक्टर एकच आहेत. प्रमाणपत्राचा मसुदा भुईकोट सरांनी सांगितलेल्या तीन मुद्द्यांसह उद्याच प्रशासनाकडे देते, आणि समितीची नोंदणी कोणत्या विभागाकडे आहे व कधीपर्यंत आहे, हे लेखी विचारून इथे कळवते.